दोन चर्च, एक फादर

प्रश्न



मी वसईचा, निवृत्त शिक्षक. माझी लेक गेली नऊ वर्षे अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका गावात राहते. लग्नही तिथल्याच चर्चमध्ये झाले. त्या वेळी तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला इथल्या चर्चमधून मीच काढून पाठवला होता. गेल्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, "पप्पा, आमचं चर्च आणि शेजारच्या गावातलं चर्च एकत्र आलंय. दोन्हीकडे मिळून एकच प्रमुख फादर. आमची नऊची मिस्सा साडेदहाला गेली आणि ऑफिस तिकडे हललं. याला इथं कोलॅबरेटिव्ह म्हणतात." बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. माझ्या नातवाचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला आहे.

तेव्हापासून मनात प्रश्न घोळत आहेत. इतक्या सधन देशात चर्च चालवायला माणसे आणि पैसा कमी कसा पडतो? एकत्र येणे म्हणजे हळूहळू बंद पडणेच का? हे ठरवतो कोण, आणि लोकांना कोणी विचारतो का? मिस्सेची वेळ बदलणे एवढीशी गोष्ट, तिचे लोकांना एवढे वाईट का वाटते? आणि शेवटचे, हे आपल्याकडे येईल का? लेकीला मी काय सांगू?

एक वाचक, वसई

उत्तर

आपले पत्र दोनदा वाचले. लेकीचा आवाज बदललेला तुमच्या लक्षात आला, म्हणून हे पत्र लिहिले गेले. त्या आवाजामागे काय आहे ते समजून घेता यावे, यासाठी आपले प्रश्न एकेक करून घेतो. कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द आधी सांगायला हवेत. एका चर्चच्या परिसरातल्या कॅथलिक कुटुंबांचे मिळून होते ते धर्मग्राम. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो. बोस्टन हा महाधर्मप्रांत, म्हणजे आसपासच्या धर्मप्रांतांतला प्रमुख, आहे.

सधन देशात माणसे आणि पैसा कमी कसा पडतो?

आधी माणसांचे पाहू. १९७० साली अमेरिकेत सुमारे ५९ हजार कॅथलिक धर्मगुरू होते. आज ते ३४ हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतले बरेच निवृत्तीच्या वयाचे आहेत. त्याच १९७० साली ज्या धर्मग्रामांना स्वतःचा निवासी धर्मगुरू नव्हता त्यांची संख्या सहाशेच्या आत होती. पुढच्या पन्नास वर्षांत ती तीन हजारांच्या वर गेली. १९७० साली दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारे कॅथलिक निम्म्याहून अधिक होते, आता ते पाव हिश्श्याच्या आसपास उरले आहेत.

पण नुसत्या घटीने सगळे समजत नाही. माणसे हललीही आहेत. बोस्टनमधली बहुतेक जुनी चर्च स्थलांतरितांनी उभारली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक बुडाले, दुष्काळ पडला आणि जहाजे भरभरून आयरिश लोक बोस्टनला उतरले. त्यांच्यामागून इटालियन, पोलिश, लिथुआनियन, पोर्तुगीज आणि कॅनडातले फ्रेंच भाषक आले. प्रत्येकाला आपल्या भाषेत प्रार्थना हवी होती, आपल्या संतांचा सण हवा होता. त्यामुळे दोन-चार गल्ल्यांच्या अंतरावर तीन तीन चर्च उभी राहिली. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांनी आठवड्याच्या पगारातून बाजूला काढलेल्या पैशांवर त्या भिंती चढल्या.

मग नातवंडे शिकली, मोटारी आल्या, उपनगरांत घरे झाली. १९५० साली बोस्टन शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती, १९८० पर्यंत ती पावणेसहा लाखांच्या खाली आली. चर्च जिथल्या तिथे राहिली आणि ती बांधणाऱ्यांची मुले वीस मैल दूर गेली. नंतर शहर पुन्हा भरू लागले, पण येणारे लोक वेगळे होते. ब्राझीलचे, हैतीचे, व्हिएतनामचे, केप व्हर्दे बेटांवरचे आणि स्पॅनिश बोलणारे लोक आले. आज त्या महाधर्मप्रांतात पोर्तुगीज, स्पॅनिश, व्हिएतनामी, हैतियन क्रिओल अशा कितीतरी भाषांत मिस्सा होतात. एका चर्चमध्ये म्हातारे आयरिश आणि रिकामी बाके, तर दुसऱ्या चर्चच्या दारात उभे राहायलाही जागा नाही, असे एकाच शहरात दिसते. म्हणजे माणसे नाहीत असे नव्हे. चर्च एकीकडे राहिली आणि माणसे दुसरीकडे गेली.

पैशाचा प्रश्न याच्याच पोटातला आहे. तिकडे सरकारकडून चर्चला काही मिळत नाही. रविवारच्या दानावरच सगळे चालते. आणि तिथल्या थंडीत शंभर वर्षांची दगडी इमारत तापवायची म्हणजे काय, हे आपल्याला इथे बसून कळणार नाही. बाकांवर चारशे माणसे असोत की चाळीस, बॉयलरला तेल तेवढेच लागते. छत गळू लागले की वर्षाची शिल्लक एका कंत्राटात संपते.

बोस्टनच्या बाबतीत एक जखमही आहे. ती टाळून हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. २००२ साली तिथल्या काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार, आणि वरिष्ठांनी ते वर्षानुवर्षे झाकून ठेवल्याचे, उघडकीस आले. त्या वर्षाअखेर महाधर्मप्रांताचे प्रमुख कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी पीडितांना साडेआठ कोटी डॉलर भरपाई देण्याचा समझोता झाला. पैशांपेक्षा मोठे नुकसान विश्वासाचे झाले. कितीतरी कुटुंबांनी चर्चची पायरी चढणे सोडले. यापुढे काहीही ठरवायचे तर ते ठरवणाऱ्यांवर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक सभेत सर्वांत आधी येऊन बसतो.

एकत्र येणे म्हणजे बंद पडणेच का?

नाही. तुमच्या लेकीच्या चर्चबाबत जे झाले आहे ते बंद होणे नव्हे, विलीनीकरणही नव्हे. या तिन्हींत फरक आहे आणि तो नीट समजून घ्यावा.

विलीनीकरणात दोन धर्मग्रामांचे कायदेशीर अस्तित्व संपून एक नवे धर्मग्राम जन्माला येते. दोघांची मालमत्ता आणि कर्ज त्या नव्याकडे जाते. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्ग धर्मप्रांताने हीच वाट धरली. पोलादाचे कारखाने बसले आणि शहराची लोकसंख्या १९५०च्या पावणेसात लाखांवरून २०२० पर्यंत तीन लाखांवर आली. २०१८ मध्ये तिथली १८८ धर्मग्रामे ५७ गटांत बांधली गेली आणि पुढे त्या गटांची नवी धर्मग्रामे होत गेली.

बोस्टनने २०१२ च्या नोव्हेंबरात वेगळी वाट घेतली. 'डिसायपल्स इन मिशन' या नावाची ती योजना. तेव्हा तिथे २८८ धर्मग्रामे होती. शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांना एकत्र आणून सुमारे १३५ सहयोगी गट, म्हणजे तुमची लेक म्हणते ती 'कोलॅबरेटिव्ह', करायचे, असे ठरले. अशा गटातले प्रत्येक धर्मग्राम कायद्याने स्वतंत्र राहते. त्याचे नाव, इमारत, बँकेतली शिल्लक, देणी आणि अर्थसमिती ही त्याचीच असते. एकत्र असतात ते प्रमुख धर्मगुरू, त्यांच्यासोबत काम करणारी माणसे आणि पाळकीय समिती. म्हणजे चूल वेगळी, पण शेत मिळून कसायचे. तुमच्या नातवाचे नाव ज्या नोंदवहीत आहे ती वही आजही त्याच चर्चची आहे.

गटातून पुढे विलीनीकरण होऊ शकते का? होऊ शकते, काही ठिकाणी झालेही आहे. म्हणून आज दिलासा देताना 'आता कधीच काही बदलणार नाही' असे मी म्हणणार नाही.

हे ठरवतो कोण? लोकांना कोणी विचारतो का?

कायद्याने अधिकार बिशपांचा आहे. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेनुसार धर्मग्राम स्थापन करणे, बदलणे किंवा रद्द करणे त्यांच्या हाती असते. पण त्याआधी धर्मगुरूंच्या परिषदेचे म्हणणे त्यांनी ऐकलेच पाहिजे. निर्णय मान्य नसेल तर प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य सदस्यांनाही, दाद मागता येते. लेखी निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत बिशपांकडे फेरविचाराची मागणी करायची आणि तिथे न्याय मिळाला नाही तर रोमकडे जायचे. हा हक्क नुसता कागदावरचा नाही. २०१२ साली ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये डझनभर चर्च बंद करण्याचे निर्णय रोमने फिरवले, कारण ठरलेली रीत पाळली गेली नव्हती. ती चर्च पुन्हा उघडली. धर्मप्रांतात धर्मगुरू कमी आहेत किंवा पैशाची ओढाताण आहे, एवढ्या सर्वसाधारण कारणावर एखादे धर्मग्राम रद्द करता येत नाही, त्या त्या धर्मग्रामाचे स्वतःचे कारण दाखवावे लागते, हेही रोमने २०२०च्या सूचनापत्रात स्पष्ट केले आहे.

पण कायदा पाळला म्हणजे लोकांना विचारले, असे होत नाही. इथे बोस्टनच्याच दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली २००४ ची. तेव्हा शेजारच्या धर्मग्रामांचे गट करून त्यांना सांगण्यात आले, की आपसांत बसा आणि कोणती चर्च बंद करता येतील ते सुचवा. जानेवारीत काम सुरू झाले, मार्चपर्यंत शिफारशी गेल्या आणि मे महिन्यात साठाहून अधिक धर्मग्रामे बंद करण्याची घोषणा झाली. त्या सभांना बसलेल्या माणसांची कल्पना करा. ज्या शेजारणीबरोबर वीस वर्षे गरिबांसाठी कपडे गोळा केले, तिच्या चर्चकडे बोट दाखवायचे किंवा स्वतःच्या. गटात जे लहान त्याची मते कमी. सभा लोकांचीच होती, पण तिथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचा न्यायाधीश केले होते.

पुढे काय झाले ते पाहा. अनेक चर्चमधून लोक बाहेरच पडले नाहीत. सिचुएट या समुद्रकाठच्या गावातल्या संत फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी चर्चमधला पहारा ऑक्टोबर २००४ पासून २०१६च्या मेपर्यंत चालला. साडेअकरा वर्षे. त्यात एक तासही इमारत रिकामी राहिली नाही. पाळ्या लावलेल्या असत, कोण दुपारी, कोण रात्री, ख्रिसमसच्या रात्री कोण. लोक तिथेच झोपत, तिथून कामावर जात. मिस्सा म्हणायला धर्मगुरू नव्हते, म्हणून प्रापंचिक स्वतःच प्रार्थनासभा चालवत. इमारतीच्या ताब्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. न्यायालयाने तो ऐकायला नकार दिल्यावरच त्या लोकांनी शेवटची प्रार्थना करून दार ओढून घेतले. पहारा सुरू झाला तेव्हा पाळण्यात असलेले मूल शेवटच्या दिवशी शाळेच्या वरच्या वर्गात गेले होते. या माणसांना नुसते हट्टी म्हणून बाजूला सारता येणार नाही. चर्चवर एवढी माया असलेली माणसे कोणत्याही धर्मप्रांताला हवीच असतात, आणि तीच माणसे त्या निर्णयाने दुरावली.

दुसरी गोष्ट २०१२ ची. त्या योजनेत कोणाचे चर्च बंद करायचे हा प्रश्न पहिल्या दिवशी टेबलावर ठेवला नाही. गट झाला की फादर, डीकन (उपयाजक), शिक्षिका, संगीत पाहणारे, समितीचे सदस्य अशा सगळ्यांचे आधी प्रशिक्षण, आणि मग त्यांनी लोकांबरोबर बसून स्वतःची स्थानिक योजना लिहायची, असा क्रम ठेवला. आपल्या हद्दीत आज कोण राहते? त्यांतल्या किती जणांकडे आपण कधीच गेलो नाही? कोणत्या वयाची माणसे दिसेनाशी झाली? आजारी, एकटे, नव्याने आलेले यांच्यासाठी आपण काय करतो? हे प्रश्न आधी घ्यायचे होते. सगळीकडे हे नीट जमले असे नाही. कुठे फादर थकले, कुठे दोन गावांचे जुने वैर आड आले. पण प्रश्न बदलल्यावर सभेची हवा बदलते. 'कोणाचे बंद?' असे विचारले की शेजारी प्रतिस्पर्धी होतो. 'कोण एकटे पडले आहे?' असे विचारले की तोच शेजारी सोबती होतो.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. माणसे घटली, पैसा घटला, हे बदलता येत नसेल. नियोजनाची सुरुवात कोणत्या प्रश्नाने करायची, हे मात्र आपल्या हातात असते, आणि पुढचे बरेचसे त्यावरच ठरते.

मिस्सेची वेळ एवढीशी गोष्ट, तिचे एवढे काय?

ही गोष्ट एवढीशी नाही. वहीच्या एका पानावर मांडून पाहू. समजा दोन चर्च आहेत, मध्ये तीन मैलांचे अंतर. दोन्हीकडे शनिवारी संध्याकाळी एक आणि रविवारी तीन मिस्सा होत होत्या. एकूण आठ. आता फादर एक आणि हाताशी एक सहायक, तोही कधी दुसरीकडे बोलावला जाणारा. चर्चच्या कायद्याने धर्मगुरूने दिवसाला साधारण एकच मिस्सा म्हणायची असते. गरज असेल तर रविवारी फार तर तीन, तेही बिशपांच्या परवानगीने. कारण मिस्सा म्हणजे यंत्राने उरकायचे काम नव्हे. म्हणून आठच्या चार किंवा पाच कराव्या लागतात.

मग घड्याळ घेऊन बसायचे. तिकडची मिस्सा नऊला सुरू झाली तर दहाला संपेल. दारात उभे राहून लोकांशी बोलायला दहा मिनिटे. एखादी आजी हात धरून सांगेल, नवऱ्याला दवाखान्यात हलवलेय, तिला घाईने सोडता येत नाही. मग गाडीत बसून तीन मैल, बर्फ असेल तर आणखी वेळ. झगा चढवायला पाच मिनिटे. म्हणून इकडची साडेदहाला. तुमच्या लेकीची नऊची मिस्सा अशी साडेदहाला गेली असणार.

आणि आता त्या साडेदहाच्या पलीकडे पाहा. समजा, सकाळी आठच्या मिस्सेला येणारे म्हातारे चौघे मिळून नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घेत. ती मिस्सा गेली आणि ते चौघे चार ठिकाणी पांगले. शनिवारची चारची मिस्सा वृद्धांना सोयीची होती, पण डिसेंबरात बोस्टनला सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. ती मिस्सा आता शेजारच्या गावात असेल तर ऐंशी वर्षांच्या माणसाने अंधारात, निसरड्या रस्त्यावर गाडी चालवत परतायचे. दोन गायकवृंद एकत्र करायचे तर कोणाचा सूर, कोणाचे पुस्तक, ऑर्गनवर कोण बसणार? त्या बाईंनी तीस वर्षे पगार न घेता वाजवले असेल, तर 'आता तुमची गरज नाही' हे त्यांना कोण सांगणार?

वेळापत्रक कागदावर ओळी बदलते, पण त्या प्रत्येक ओळीखाली माणसांचे एक जाळे असते. म्हणून ज्या गटांनी हे चांगले केले, त्यांनी दोन गोष्टी पाळल्या. एक, दोन्ही धर्मग्रामांना काहीतरी सोडायला लावले, एकालाच नव्हे. दुसरी, जी मिस्सा बंद करायची तिला शेवटच्या रविवारी नावाने निरोप दिला. गमावलेल्या गोष्टीबद्दल दुःख करायला जागा दिली तर माणूस पुढे येतो. 'काही झालेच नाही' असे दाखवले तर तो गप्प बसतो आणि एक दिवस येईनासा होतो.

इमारतीचेही तसेच. चर्च बंद झालेच तर कायदा सांगतो की ते ऐहिक कामासाठी देता येईल, पण हीन कामासाठी नाही. पिट्सबर्गमधले संत जॉन द बॅप्टिस्ट चर्च १९०२ साली बांधलेले. ते १९९३ मध्ये बंद झाले आणि १९९६ मध्ये तिथे बिअर गाळणारे उपाहारगृह सुरू झाले. वेदी होती तिथे बिअरच्या चकाकत्या टाक्या उभ्या राहिल्या. इमारत वाचली म्हणून काहींना बरे वाटले. ज्यांची लग्ने त्या वेदीपुढे लागली होती, त्यांना काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको.

हे आपल्याकडे येईल का?

निम्मे आलेलेच आहे, फक्त आपण त्याला हे नाव दिलेले नाही. दक्षिण मुंबईत पाहा. गिरगाव, खोताची वाडी, भायखळा या भागांतली कॅथलिक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांत वांद्रे, बोरिवली, मिरा रोड करत वसईपर्यंत सरकली. मागे जुनी चर्च राहिली आणि पुढे नवी बांधावी लागली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला, तो या वाढीमुळेही. आज वसई-विरार पट्ट्यात वाडवळ आणि सामवेदी या स्थानिक कुटुंबांच्या शेजारी गोव्याहून, मंगळूरहून, केरळ आणि तमिळनाडूतून आलेली कुटुंबे राहतात. मराठी मिस्सेला जन्मापासून जाणाऱ्याला वाटते, हे चर्च आमचे. इमारतीच्या सातव्या मजल्यावर गेल्या वर्षी राहायला आलेल्याला वाटते, इथे आपल्याला कोणी ओळखत नाही. बोस्टनमध्ये आयरिश आजी आणि ब्राझीलचे जोडपे यांच्यात जे अंतर आहे, तेच हे अंतर.

दुसरीकडे, जे बोस्टनला नवे वाटते ते महाराष्ट्रातल्या एका भागाला जुने आहे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एका फादरकडे वीस-वीस खेडी असत. फादर महिन्यातून एकदा यायचे. मधले रविवार सांभाळायचे ते मास्तर, म्हणजे गावातला प्रापंचिक धर्मशिक्षक. अशाच एका मास्तरांच्या ओसरीवर मी एक रविवार बसलो आहे. त्यांनी घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा वाजवला, माणसे जमली. प्रार्थना झाली, शुभवर्तमान वाचले गेले. मग मास्तरांनी एक वही उघडली. कोण आजारी, कोणाचे बाळंतपण जवळ आले, ऊसतोडीला गेलेले कोण परतले नाही, हे नावानिशी वाचून दाखवले. फादर आले की ती वही त्यांच्या हाती जायची. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला दर सप्टेंबरात लोटणारी गर्दी ज्या खेड्यांतून येते, ती खेडी अशा वह्यांवर टिकली. धर्मगुरू कमी असताना धर्मग्राम कसे जगते, याचे उत्तर तिकडच्या प्रशिक्षणवर्गांत जसे आहे तसे त्या वहीतही आहे. कोण कुठे आहे हे कोणाला तरी नावाने माहीत असले पाहिजे.

आपल्याकडे धर्मगुरू होण्यासाठी येणारी मुलेही पूर्वीइतकी राहतील असे धरून चालू नये. घरात एक-दोनच मुले, त्यांतले एक परदेशी. वसईच्या वाड्यांमधून हे आजच दिसते. म्हणून घाई नसताना, कोणाचे काही बंद होत नसताना, शेजारच्या धर्मग्रामांनी एकत्र बसायची सवय लावून घ्यावी. लग्नाआधीचे वर्ग, तरुणांचे काम, आजाऱ्यांच्या भेटी, स्थलांतरितांच्या भाषेतली मिस्सा, एवढे तरी मिळून करता येईल. संकटात पहिल्यांदा भेटलेले शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहतात. आधीपासून ओळख असलेले शेजारी संकट वाटून घेतात.

लेकीला काय सांगू?

तिला सांगा, वाईट वाटते ते साहजिक आहे, ते लपवू नको. तिला सांगा, गटाची सभा असेल तेव्हा जा आणि शेवटपर्यंत बस. वेळापत्रकावरचा राग तिथे बोलून दाखव, पण त्यासोबत एक प्रश्नही विचार: पूर्वी नऊच्या मिस्सेला येणारे म्हातारे आता कसे येतात? उत्तर कोणाकडे नसेल तर त्यांना आणायला तिची गाडी आहेच. आणि एखाद्या रविवारी नातवाला घेऊन तिने पलीकडच्या चर्चमध्ये जावे. तिथल्या लोकांनीही काहीतरी सोडले आहे. ते काय, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

शेवटी आपल्याच पत्रातली एक गोष्ट. लेकीच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला तुम्ही वसईहून पाठवलात. तो प्रवास एकतर्फी नव्हता. लग्न कुठेही लागले तरी तिथल्या फादरनी बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाची नोंद करायची, असा चर्चचा नियम आहे. तेव्हा एखाद्या सकाळी तुमच्या चर्चच्या ऑफिसात जा आणि ती जुनी वही बघायला मागा. लेकीच्या नावासमोर बोस्टनजवळच्या त्या गावाचे नाव, चर्चचे नाव आणि तारीख लिहिलेली दिसेल. ज्या चर्चची तुम्हाला आज काळजी वाटते, ते वसईच्या वहीत आधीच येऊन बसले आहे. त्या पानाचा फोटो काढून लेकीला पाठवा. दोन धर्मग्रामांनी मिळून एका माणसाची काळजी घेतल्याचा पुरावा तिच्या स्वतःच्याच नावासमोर आहे.